घरच्या म्हशीला सुई

मामाच्या गोठ्यात दोन दुधं निघायची. एक रतीबाचं, एक घरचं. रतीबाचं दूध ॲल्युमिनियमच्या कॅनमधून शहरात, छावणीत आणि पदमपुऱ्यात जायचं. घरचं दूध पितळी चरवीतून स्वयंपाकघरात जायचं. भांडी वेगळी, गाळायची फडकी वेगळी, ती वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. मामी ही सरमिसळ कधी होऊ देत नसे. यात सोवळ्याओवळ्याचा संबंध नव्हता. रतीबाच्या म्हशींना धारेआधी सुई टोचली जायची आणि घरच्या म्हशीला टोचली जात नव्हती, एवढंच कारण होतं.

गोठा पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यापासून जरा आत होता. मामा मूळचा देवगाव रंगारीचा. जमीन भावाभावांत वाटली गेल्यावर त्यानं आपला वाटा धाकट्याला कसायला दिला आणि शहराच्या कडेला म्हशी बांधल्या. मी वर्तमानपत्रात लागलो तेव्हा खोली मिळेपर्यंत म्हणून त्याच्याकडे राहायला गेलो आणि तिथंच राहिलो. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे कडब्याची कुट्टी करायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं.

म्हैस वासराशिवाय सहजी दूध देत नाही. रेडकू येऊन कासेला ढुशा देतं, सड तोंडात घेतं, मग तिला पान्हा फुटतो. मग रेडकू ओढून बाजूला बांधायचं आणि धार काढायची. म्हणजे रेडकू जिवंत ठेवायचं तर त्याचा वाटा त्याला पाजावा लागतो. मामाला हा वाटा अंगावर आल्यासारखा वाटायचा. रतीबाची म्हैस व्याली की वगार, म्हणजे मादी असेल तर ती पेंड-पाण्यावर कशीबशी वाढवायची. हल्या, म्हणजे नर असेल तर तो गोठ्याच्या मागच्या बाजूला बांधला जायचा. त्याला मारत कुणी नव्हतं. त्याला पाजतही नव्हतं. पहिले काही दिवस तो ओरडायचा, मग ओरडणं बारीक व्हायचं. मामाचा त्यावर एकच शब्द होता: "जगलं नाय." जणू रेडकानंच तसं ठरवलं होतं.

रेडकू गेलं की सुई आली. औषध बिनलेबलच्या प्लास्टिकच्या बाटलीत यायचं. मोटरसायकलवरून एक माणूस ते आणून द्यायचा. तो गोठ्याच्या दारातूनच ओरडायचा, "मामू, लेव तुम्हारा पानी!" मामा बाटली उजेडात धरून हलवायचा आणि विचारायचा, "ह्यात खरंच पानीच नाय ना रे?"

"कसम से, मामू. पानी रह्या तो मेरेकू टोचो."

सिरिंज एक, सुई एक, म्हशी सगळ्या. सुई बोथट झाली तरी महिना-महिना चालायची. मामा मानेवर थाप मारायचा आणि थापेच्याच जोरात सुई घुसवायचा. म्हैस झटका द्यायची, गव्हाणीवर आदळायची, आणि क्षणभरात कास भरून यायची. मग घाई. मामा आणि मामी एकेका म्हशीखाली बसून दोन्ही हातांनी धार ओढायचे. औषध उतरायच्या आत दूध काढावं लागतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. जरा उशीर झाला, कुणी गिऱ्हाईक दारात बोलत राहिलं, की सड कोरडे पडायचे आणि मामा पुन्हा सुई भरायचा. रोज दोन वेळा टोचून म्हशींच्या मानेवर गाठी आल्या होत्या. काही गाठींतून पू वाहायचा. त्यावर हळद लावायचे आणि दुसऱ्या बाजूला टोचायचे.

घरची म्हैस यातून सुटली होती ती मामीच्या भीतीमुळे. सुईचं औषध दुधात उतरतं, असं मामी धरून चालली होती. त्या दुधानं पोरी लवकर मोठ्या होतात, बायकांना दाढी फुटते, पोटुशीचं पोट पडतं, असं तिनं ऐकलं होतं. ऐकवणाऱ्यांत आमचंही वर्तमानपत्र होतं. उन्हाळा आला की दुधातल्या विषाची एक बातमी पानावर जायचीच आणि त्या बातमीला वाचकांचे फोन यायचे. फोन करणाऱ्यांना आपल्या मुलांची काळजी असायची. म्हशीबद्दल विचारणारा एकही फोन मी घेतलेला नाही.

मामीला एकच मुलगी होती. तिच्या तोंडी ते दूध जाऊ नये म्हणून एक म्हैस बाजूला ठेवलेली. तिचं रेडकू जगवायचं, तिला रेडकावर दुहायचं, आणि ते दूध घरात. तेच दूध शेजारच्या बाईंनी लहान बाळासाठी मागितलं तर मामी म्हणायची, "नको बाई, ती म्हैस लई कमी देती." आणि रतीबाच्या कॅनमधलं मापून द्यायची. देताना तिचा चेहरा जराही हलायचा नाही.

घरच्या म्हशीचा आणखी एक उपयोग होता. छावणीतल्या एक बाई दर काही महिन्यांनी नातवाला घेऊन गोठा बघायला यायच्या. त्या एकच प्रश्न विचारायच्या, "तुम्ही ते इंजेक्शन तर देत नाही ना?"

मामा कानाला हात लावायचा. "ताई, माझी पोरगी हेच दूध पिती. या, बगा." आणि तो त्यांना घरच्या म्हशीपाशी न्यायचा. रेडकू आईला लुचत असायचं, शेपटी उडवत असायचं. बाई नातवाला म्हणायच्या, "बघ, बाळ कसं दुदू पितंय." मामा हसायचा. गोठ्याच्या मागच्या बाजूला त्यांना कुणी नेत नसे.

ही म्हैस वगार असल्यापासून मामाच्या मुलीनं सांभाळली होती. तिला चारा-पाणी तीच द्यायची, शिंगांना तेल तीच लावायची. म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला उभी राहायची नाही. मुलगी जवळ असली तर मात्र मामीलाही धार काढू द्यायची. मुलगी बी.एस्सी. झाली आणि जीवरसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. करत होती. सकाळची धार आटोपून, शेणाचा वास घालवायला हात दोनदा साबणानं धुऊन ती बसनं कॉलेजात जायची. मैत्रिणींना घरी आणत नव्हती.

तिला रतीबाच्या म्हशींची सुई बंद करायची होती. हे ती लहानपणापासून म्हणत होती आणि लहानपणापासून तिला एकच उत्तर मिळत होतं: "मंग तू रेडकू व्हय आन ढुशा दे." एका हिवाळ्यात एक गाभण म्हैस गाभडली. मामानं तिला दूध आटेपर्यंत सुई चालू ठेवली होती. पडलेला गर्भ मामानं पोत्यात भरून ओढ्याकडे नेला आणि आल्यावर म्हणाला, "नजर लागली."  त्यानंतर मुलगी पुस्तकं घेऊन बसायला लागली. यावेळी वाद घालायचा नाही, नीट समजावून सांगायचं, असं तिनं मला सांगितलं. "दादा, अप्पांना भावना सांगून उपयोग नाही. त्यांना कळेल असंच सांगते."

जे सांगायचं ते तिनं आधी मला सांगून पाहिलं. पान्ह्याचं औषध म्हणजे एक छोटं पेप्टाइड आहे; नऊ अमिनो आम्लांची साखळी, तीही एका बाजूला वळून कडी झालेली. म्हशीच्या मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी ते आपणच सोडते. रेडकानं ढुशी दिली की निरोप वर जातो, ग्रंथीतून पेप्टाइड रक्तात येतं, रक्तातून कासेत जातं आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात. काम झालं की ते शरीरात राहत नाही. यकृतात, मूत्रपिंडात, इतर पेशींवर विकरं, म्हणजे एन्झाइम, बसलेली असतात. त्यातली काही साखळीच्या टोकाकडून एकेक कडी काढतात, काही मधेच तोडतात. काही मिनिटांत साखळीचे तुकडे होतात आणि तुकड्यांची सुटी आम्लं. शरीर तीच आम्लं पुन्हा दुसऱ्या कशाला तरी वापरतं. सुईनं दिलेलं पेप्टाइडही तेच, आणि त्याची गतही तीच. म्हणून दुधात ते उतरलं तरी नावाला. आणि ते दूध माणसानं प्यायलं तर आतड्यात पुन्हा तीच तोडणी. आतड्याच्या अस्तरावरची विकरं तीन-तीन, दोन-दोन कड्यांचे तुकडे करतात, आतल्या पेशी तेही फोडतात. पोटात गेलेलं हे औषध औषध म्हणून रक्तापर्यंत पोचत नाही.

मुख्य मुद्दा पुढं होता. कासेचे स्नायू आवळतात तसेच गर्भाशयाचेही आवळतात. गाभण म्हशीला सुई दिली तर गर्भ पडू शकतो. रोज टोचून म्हशीचा स्वतःचा पान्हा मंदावतो. गाठी, पू, ताप हे तर दिसतंच. म्हणजे औषधाचं नुकसान पिणाऱ्याला नाही, म्हशीला आहे. आणि म्हैस गाभडली, आटली, तर मामालाच. तिला वाटत होतं की हा शेवटचा मुद्दा ऐकला की बाप सुई ठेवून देईल.

वर्तमानपत्रात महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात लिहितात, कारण वाचक दुसऱ्या वाक्यापर्यंत थांबेल याची खात्री नसते. पुस्तकात आधी व्याख्या, मग रचना, मग विघटन, आणि परिणाम शेवटी. ती पुस्तकं वाचून शिकली होती. तिनं पुस्तकाच्या क्रमानं सांगितलं.

जेवणं चालली होती. मामा भाकरी कुस्करत होता. पेप्टाइड म्हणजे काय, यात त्याला रस नव्हता. विकर म्हणजे काय ते सांगताना ती म्हणाली, "अप्पा, आपलं कुट्टीचं यंत्र असतं ना, तसं. कडबा कितीही लांब असू द्या, आत गेला की तुकडे. रक्तात अशी यंत्रं असतात. औषध गेलं की त्याची कुट्टी."

मामाचा हात थांबला. "म्हंजी औषध ऱ्हात नाय?"

"काही मिनिटं. मग नाही."

"दुधात उतरत नाय?"

"उतरलं तरी नावाला."

"आन प्यालं तर?"

"पोटात परत कुट्टी. पण अप्पा, खरं म्हणजे..."

"थांब." मामा मामीकडे वळला. "ऐकलं का? इतकी वर्सं दोन-दोन चरव्या घाशीत बसलीस."

मामी म्हणाली, "पेपरात तर वेगळंच येतं."

"पेपरवाला हितंच बसलाय, इचार त्याला. का रं भाचेराव, तुमी छापता ते खरं का ही शिकल्याली पोरगी सांगती ते खरं?"

मी म्हणालो की ती सांगते ते बरोबर आहे, पण तिचं बोलणं पुरं झालेलं नाही.

"खरं हाय ना? मंग झालं की." मामानं ताटात हात धुतला.

"अप्पा, पुढचं ऐका. म्हशीच्या गर्भाशयावर..."

"लई शिकलीस बाय. पैलं वाटलं, कालिजात नुसतीच जाती." हे तो कौतुकानं म्हणाला. मुलीचं असं कौतुक त्यानं आधी कधी केलेलं मी ऐकलं नव्हतं. तो उठला आणि गोठ्याकडे गेला. ती ताटावर बसून राहिली. तिचं निम्मं बोलणं तिच्याजवळच राहिलं होतं आणि निम्मं गोठ्यात पोचलं होतं.

मामा एकदम विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः रतीबाचं दूध प्यायला लागला. पेला भरून प्यायचा आणि मिशी पुसायचा. आठवडाभरानं त्यानं मामीला प्यायला लावलं. मामीनं डोळे मिटून घोट घेतला. काही झालं नाही. मामी नंतर मला म्हणाली, "चव तर सारखीच हाय की रे." तिच्या आवाजात सुटका होती. शेजारच्या बाईला, पाहुण्यांच्या लेकराबाळांना इतकी वर्षं जे पाजलं त्याचं ओझं तिच्यावर होतं की काय, हे मला तोवर कळलं नव्हतं. ओझं उतरल्यावर ती आणखी मोकळेपणानं माप टाकायला लागली. दोन्ही फडकी एकाच दोरीवर आली.

आता घरची म्हैस वेगळी ठेवायला काही कारण उरलं नव्हतं.

ती नुकतीच व्याली होती. रेडकू हल्या होता. सकाळी मामानं त्याचं दावं सोडून त्याला मागच्या बाजूला नेलं. मुलगी आडवी आली.

"अप्पा, हिला नाही. हिला नाही टोचायचं."

"कामून? तूच म्हनलीस ना, दुधाला काय व्हत नाय म्हून?"

"दुधाला होत नाही. हिला होतं."

"बाकीच्या दावणीला हायत त्यांना काय झालं?"

तिनं गाभडलेल्या म्हशीचं सांगितलं. मामानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग तवा कामून नाय सांगितलंस? गाभडायच्या आधी सांगायचं की." आणि वर, "बरं, गाभण ऱ्हायली की बंद करू. आता तर व्याल्याली हाय."  तिच्याच पुस्तकाप्रमाणे त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

म्हैस मामाला जवळ येऊ देईना. तिनं त्याला शिंगानं भिंतीशी दाबलं. मामा सुई घेऊन बाहेर आला आणि मुलीला म्हणाला, "तू धर. तुझ्या हाताला उभी ऱ्हाती." ती नाही म्हणाली. मामानं काठी घेतली. पहिले फटके पाठीवर बसले, नंतरचे तोंडावर. मग तिनं दावं धरलं. म्हशीनं मान तिच्या खांद्याला लावली आणि ती उभी राहिली. मामानं थाप मारली. म्हैस हलली नाही, फक्त डोळा पांढरा झाला. दूध आलं. मामी म्हणाली, "नेमीपरीस लई आलं गं."

मुलगी रेडकाला बाटलीनं पाजायचा प्रयत्न करत राहिली. कॉलेजातून येताना पावडरचं दूध आणायची. मामा हसायचा. "आईचं इकायचं आन लेकराला डब्यातलं पाजायचं. शिकल्याली मानसं बगा." रेडकू बाटली नीट ओढत नव्हतं. हगवण लागली. त्याची आई त्याच छपराखाली होती, आवाज ऐकत होती आणि सुरुवातीला हंबरून उत्तर देत होती. रेडकू मेलं तेव्हा मुलगी परीक्षेला गेली होती. मामी म्हणाली, तिला लगेच सांगू नको, पेपर आहेत. मामानंच सांगितलं, जेवताना, मीठ मागता मागता. "ते जगलं नाय बरं का."

महिन्याभरात घरच्या म्हशीच्या मानेवर गाठ आली. गाठ फुटली. त्यानंतर एक दिवस मुलीनं बापाच्या हातातून सिरिंज काढून घेतली. "द्या. मी देते."

याचा अर्थ घरात वेगवेगळा लावला गेला. मामीला वाटलं पोरगी वळणावर आली. मामाला वाटलं धंदा शिकतेय. ती मला म्हणाली, "बंद होणार नाही ना? मग निदान नीट तरी देऊ दे." तिनं मेडिकलमधून बारीक सुया आणल्या. प्रत्येक म्हशीला वेगळी. जागा बदलून बदलून, कातडी स्पिरिटनं पुसून. प्रयोगशाळेत शिकलेल्या हातानं ती औषध मोजून भरायची आणि आठवड्याला थोडं थोडं कमी करायची. निम्म्याच्या खाली आलं तरी दूध तेवढंच निघत होतं. गाठी बसल्या. म्हशी आदळायच्या थांबल्या. बाटल्या कमी लागायला लागल्या, आणि मामा रस्त्याच्या चहाच्या टपरीवर सांगायला लागला, "माझ्या पोरीच्या हातात गुन हाय. म्हशीला कळत बी नाय." शेजारच्या गोठ्यांतले लोक तिला बोलवायला लागले. कसं टोचायचं ते दाखवायला ती एक-दोन ठिकाणी गेलीही. त्यातल्या एका गोठ्यात तोवर रेडकांवर दुहत होते. तिथं तिचा हलका हात पाहून त्यांनी सुई चालू केली. तिथून परत आल्यावर ती जेवली नाही. पुन्हा कुणी बोलवायला आलं की परीक्षा आहे म्हणून सांगायची.

मग शहरात कुठंतरी धाड पडली. या औषधाच्या बेकायदा बाटल्यांचा साठा पकडला गेला. बातमी आमच्याकडे आतल्या पानावर एका कोपऱ्यात आली. मोटरसायकलवाला येईना, फोन घेईना. गोठ्यातली बाटली संपली.

ती जे इतकी वर्षं मागत होती ते झालं. एका संध्याकाळी गोठ्यात कुणालाच सुई दिली गेली नाही. मामा-मामी म्हशींखाली बसले. सडांना तूप लावलं, गरम पाण्यानं कास शेकली, पेंडीचं टोपलं पुढं ठेवलं. थोड्या धारा आल्या आणि थांबल्या. दुसऱ्या दिवशी कासा तट्ट फुगल्या. हात लावला की म्हशी लाथा झाडायच्या. एकीच्या सडातून गुठळ्या आल्या. मामा मुलीवर ओरडला नाही. तो गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून म्हणाला, "बंद झाली बग तुझी सुई. आता काड दूध. पुस्तकात आसल की कायतरी."

तिनं मूठ वळली आणि घरच्या म्हशीच्या कासेला खालून ढुशा द्यायला सुरुवात केली, रेडकू देतं तशा. डोकं तिच्या पोटाला टेकवून, बराच वेळ. म्हैस उभी होती. मधून मधून वळून तिला चाटत होती. कास दगडासारखी होती. पान्हा आला नाही.

ती उठली. मीठ घालून उकळलेलं पाणी निवायला ठेवलं. काय करतेस, असं मी विचारलं. "बघते," म्हणाली. सिरिंजमध्ये ते पाणी भरलं, कातडी पुसली आणि म्हशीच्या मानेत टोचलं. म्हशीनं मान खाली घातली. कास सैल झाली. सडांतून दूध आपसूक गळायला लागलं.

आत औषधाचा थेंब नव्हता. म्हशीच्या ग्रंथीनं स्वतःचंच पेप्टाइड सोडलं होतं, सुईच्या टोचण्याला. रेडकाच्या ढुशीची जागा आता सुईनं घेतली होती. मुलीनं पुढच्या धारेला नुसती कातडी पुसून पाहिली, नुसता हात लावून पाहिला, सुई दाखवून पाहिली. सुई आत गेल्याशिवाय दूध आलं नाही.

मामी "देव पावला" म्हणाली. बाकीच्या म्हशींपैकी दोघी पाण्याला फसल्या, उरलेल्या फसल्या नाहीत. त्यांच्यासाठी मामा लासूर स्टेशनला जाऊन कुणाकडून तरी बाटल्या घेऊन आला. गुठळ्या आलेल्या सडातून दूध यायचं कायमचं बंद झालं, बाकी गोठा पुन्हा मार्गी लागला.

घरच्या म्हशीला औषध पुन्हा कधी दिलं नाही. पाण्यावर भागतंय तर औषध कशाला, असं मामा म्हणाला. ती म्हैस वेतांमागून वेतं देत गेली. दर वेताला रेडकू व्हायचं, दर वेताला मागं नेलं जायचं. सुई मुलगीच द्यायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एम.एस्सी. झाल्यावर तिला पुण्यात एका कंपनीत बोलावलं होतं. ती गेली नाही. घरी सगळ्यांनी कारणं विचारली तेव्हा ती म्हणाली, "अप्पा टोचतील तर बोथट सुईनं टोचतील."

छावणीतल्या बाई मधल्या काळात येईनाशा झाल्या होत्या. एकदा अचानक संध्याकाळी धारेच्या वेळीच आल्या. मुलगी घरच्या म्हशीच्या मानेत सुई घालत होती. बाई दारातच थांबल्या.

"अहो, हे काय? म्हणजे तुम्हीसुद्धा?"

मामा गडबडला नाही. "ताई, औषध नाय ते. पानी हाय. मिठाचं पानी."

"पाणी कशाला टोचाल?"

"तिला सवय हाय." मामानं मुलीच्या हातातून सिरिंज घेतली, सुई काढून खाली टाकली, तोंड उघडलं आणि उरलेलं पाणी जिभेवर सोडलं. गिळलं. "बगा. आता बोला."

बाई हसल्या. "बाई गं, मी उगाचच घाबरले." त्यांनी पिशवीतून किटली काढली. मुलगी खाली वाकून पडलेली सुई शोधत होती. म्हैस मान खाली घालून उभी होती, दूध जमिनीवर गळत होतं, आणि मामा म्हणाला, "आगं, सुई नंतर हुडक. आधी बादली लाव."